तुरुंगाऐवजी गावात राहून शिक्षा भोगता येते का? दापोलीकडील एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. दापोली तालुक्यातील तुमच्या किनाऱ्यावरच्या गावात तीन मुलांनी बंदराजवळच्या खोपीतून एका नौकामालकाची जाळी आणि होडीचे मशीन चोरले आणि माल विकण्यापूर्वीच ते पकडले गेले. त्यांतला एक तुमचा धाकटा भाऊ. त्याला वीस वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तो जामिनावर घरी आहे. दुसरा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तिसरा बोटीवरचा नेपाळी खलाशी असून तो अजून रत्नागिरीच्या कारागृहात आहे. खोपीला दार नव्हते आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ लावून दोषारोपपत्र दाखल केले आहे. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून थोडक्यात मिटवून टाकू. गावातली काही मंडळी म्हणतात, तुरुंगाची हवा खाल्ल्याशिवाय पोरगा सुधारायचा नाही. आणि नव्या कायद्यात तुरुंगाऐवजी गावात काम करण्याची शिक्षा आहे असे तुमच्या ऐकण्यात आले आहे, ती भावाला मिळेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी वकील नाही. परिवीक्षा अधिकारी म्हणून रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत नोकरी करून निवृत्त झालो. दोषी ठरलेल्या माणसाला कैदेत न पाठवता समाजात ठेवता येईल का, याचा अहवाल न्यायालयाला देणे आणि तसे ठेवल्यास त्याच्यावर देखरेख करणे, हे माझे काम होते. पुढचे सगळे त्या बाजूने लिहिले आहे. खटल्यातले डावपेच तुमच्या वकिलांशीच बोला.

तुम्ही विचारलेल्या शिक्षेचे नाव 'सामुदायिक सेवा'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षेच्या प्रकारांत ती प्रथमच आली. पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांपुरतीच आहे: सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे, उद्घोषणा होऊनही न्यायालयात हजर न राहणे, सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन आणि अब्रुनुकसानी. छोट्या चोरीतही आरोपी प्रथमच दोषी ठरलेला असावा आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केलेली असावी, अशी अट आहे. जाळी आणि मशीन यांची किंमत पाच हजारांच्या कितीतरी पुढे जाते, शिवाय ती सवलत कलम ३०३ मधल्या साध्या चोरीसाठी आहे आणि तुमच्या भावावर कलम ३०५ आहे. तेव्हा त्या नावाची शिक्षा त्याला मिळणार नाही, असे मला स्पष्टच सांगावे लागेल.

कलमांमधला हा फरक समजून घ्या, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. जाळी उघड्यावर वाळत घातलेली असती आणि तिथून उचलली असती, तर ती साधी चोरी झाली असती. तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि मालमत्तेच्या मालकाशी कायदेशीर तडजोडही करता येते. तीच जाळी मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बांधकामातून नेली, मग ती झावळ्यांची खोपी का असेना, की कलम ३०५ लागते. शिक्षेची मर्यादा सात वर्षांवर जाते आणि तडजोडीचा तो मार्ग बंद होतो. दोषारोपपत्रात कलम ३३१ सुद्धा लावले आहे का, हे वकिलांकडून आजच तपासून घ्या. चोरीसाठी रात्री घरफोडी किंवा लपूनछपून गृहप्रवेश केल्याचा आरोप असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि मग मी पुढे सांगणार आहे त्यांपैकी एक मार्ग उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नामागच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही एका शिक्षेचे नाव घेऊन ती मिळेल का असे विचारता आहात. पण मुलाला तुरुंगात पाठवायचे की नाही हे ठरवणाऱ्या न्यायाधीशांसमोर वेगळेच प्रश्न असतात. हा बाहेर राहिला तर कुठे राहील, कोणाच्या नजरेखाली राहील, दिवसभर काय करील, पुन्हा घसरला तर मला कोण कळवील, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काय पडले? या प्रश्नांची ठोस उत्तरे कागदावर आली, तर कायद्यात मार्ग आहे, आणि तो नव्या संहितेच्या कितीतरी आधीपासून आहे. उत्तरे आली नाहीत, तर चांगल्या मनाचे न्यायाधीशही धोका पत्करायला कचरतात. माझ्या अनुभवात परिवीक्षा नाकारली गेली ती बहुतेक वेळा गुन्हा फार मोठा होता म्हणून नाही. बाहेरची व्यवस्था कोणी मांडलीच नाही म्हणून ती नाकारली गेली.

तो मार्ग म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. आपल्या भागाला ही कल्पना त्याहून जुनी आहे, कारण मुंबई प्रांताने १९३८ मध्येच असा कायदा केला होता. १९५८ च्या कायद्याच्या कलम ३ नुसार पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाला काही ठरावीक गुन्ह्यांत केवळ समज देऊन सोडता येते, आणि त्यांत इमारतीतील चोरीचाही समावेश आहे. कलम ४ याहून व्यापक आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात न्यायालय दोषी व्यक्तीला शिक्षा न सुनावता, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते आणि तिला किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. राहण्याचे ठिकाण, व्यसनापासून दूर राहणे आणि पुन्हा गुन्हा घडू नये म्हणून आवश्यक वाटेल अशी कोणतीही अन्य अट न्यायालय घालू शकते. कलम ५ नुसार नुकसानभरपाई देण्याचा आदेशही त्याच वेळी करता येतो. तुमच्या मनात असलेली गोष्ट, म्हणजे मुलगा गावात राहील, काम करील, झालेले नुकसान भरून देईल आणि कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवील, ती सामुदायिक सेवा या नावाने नसली तरी इथे जवळजवळ पूर्णपणे बसते.

तुमच्या भावासाठी कलम ६ सर्वांत महत्त्वाचे आहे. एकवीस वर्षांखालील दोषीला कैदेची शिक्षा द्यायचीच असेल, तर परिवीक्षा का योग्य नाही याची कारणे न्यायालयाला नोंदवावी लागतात आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तो विचारात घ्यावा लागतो. थोडक्यात, या वयात बाहेर ठेवणे हा नियम आहे आणि तुरुंग हा अपवाद. पण इथे एक अडचण आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरत नाहीत. न्यायालय दोषी ठरवून शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे धरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर खटल्यात फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. तुमच्या भावाला एकवीस पूर्ण होण्यापूर्वी खटला त्या टप्प्यावर आला नाही, तर कलम ६ चे संरक्षण संपेल. कलम ४ राहील, कारण त्याला वयाची अट नाही. पण तिथे सगळे न्यायालयाच्या मर्जीवर असते. म्हणून तारखा घेत राहण्याचे धोरण तुमच्या बाबतीत नुकसानीचे ठरू शकते, हे वकिलांच्या कानावर घाला.

वकिलांच्या सल्ल्याबद्दल मी बेताने बोलेन, कारण त्यांनी कागद पाहिले आहेत आणि मी पाहिलेले नाहीत. भावाने हे केलेच नसेल, किंवा त्याचा सहभाग पोलीस म्हणतात त्याहून अगदी वेगळा असेल, तर खटला लढवणे हाच त्याचा हक्क आहे आणि माझे पुढचे लिखाण बाजूला ठेवा. त्याने ते केले असेल आणि त्याला मान्यही असेल, तरी 'कबूल करून मिटवू' याचे दोन अर्थ होतात आणि त्यांत फार अंतर आहे. पहिल्या अर्थाने आरोपी उभा राहून गुन्हा कबूल करतो आणि न्यायालय कोर्ट उठेपर्यंतची कैद व दंड अशी शिक्षा देते. घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. पण कलम ३०५ मध्ये नुसता दंड नाही, त्यामुळे कोर्ट उठेपर्यंत बसणे हीसुद्धा कैदेचीच शिक्षा धरली जाते आणि दोषसिद्धीचा डाग राहतो. परिवीक्षेत मात्र १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ चे संरक्षण मिळते: दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता अशा व्यक्तीला लागू होत नाही. हे संरक्षण शिक्षा भोगलेल्याला नाही, मग ती शिक्षा तासाभराची का असेना.

कलम १२ ला मर्यादा आहेत. दोषसिद्धी पुसली जात नाही, त्यामुळे एखाद्या अर्जात 'कधी दोषी ठरला होता का' असे विचारले असेल तर खरेच लिहावे लागते. सरकारी नोकरीत असलेल्या माणसावर त्याच वर्तनासाठी खात्यामार्फत कारवाईही होऊ शकते. आपल्याकडची मुले जहाजावर किंवा आखातात जाण्याची स्वप्ने पाहतात, म्हणून हेही सांगतो की खटला चालू असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते. प्रकरण लवकर निकाली निघण्याचे हे आणखी एक कारण.

दुसरा अर्थ म्हणजे ज्याला सगळे प्ली बार्गेनिंग म्हणतात तो मार्ग, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मधला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे आणि काही सामाजिक-आर्थिक गुन्हे वगळून, आरोपी स्वतः अर्ज करतो. दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत तो अर्ज द्यावा लागतो. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि ज्याचे नुकसान झाले तो, असे सगळे एकत्र बसून दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा काढतात. त्यात नौकामालकाची भरपाई ठरते, आणि त्यानंतर न्यायालय आरोपीला परिवीक्षेवरही सोडू शकते. अर्जात आरोपीने जे सांगितले ते अन्य कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. हा मार्ग मला तुमच्या प्रकरणात विशेष योग्य वाटतो, कारण इथे मालकाला बोलण्याची जागा मिळते. पण अशा निकालावर नेहमीचे अपील नसते, आणि कलम ३३१ मधला चौदा वर्षांचा आरोप असेल तर हे दार बंद आहे. कोणताही मार्ग घेतला तरी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, अशी लेखी विनंती वकिलांनी वेळेवर केली पाहिजे.

तो अहवाल कसा होतो हे सविस्तर सांगतो, कारण तयारी तिथेच करायची आहे. आमच्या राज्यात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतात आणि एकेकाकडे मोठे क्षेत्र असते. न्यायालयाचे पत्र आले की अधिकारी घरी येतो. मी पाखाडी चढून अशा कितीतरी घरांत गेलो. पडवीत बसवून चहा देऊन घरचे लोक पहिल्यांदा सांगतात की मुलगा गुणी आहे, संगतीने बिघडला. ते ऐकून घ्यावे लागते, पण अहवाल त्यावर लिहिता येत नाही. मी आजीशी बोलायचो, कारण मुलगा रात्री किती वाजता येतो आणि कशा अवस्थेत येतो हे तिला ठाऊक असते. मच्छी विकणाऱ्या आईला विचारायचो की घरावर कर्ज किती आहे आणि जाळ्यासाठी मालकाकडून उचल घेतलेली आहे का. शाळेत जायचो. पोलीस पाटलांना भेटायचो. ज्या बोटीवर मुलगा जात होता तिच्या तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाला, विचारायचो की हा पुन्हा बोटीवर आला तर घ्याल का, आणि घेणार असाल तर तसे लिहून द्याल का. तांडेलाची एका पानाची चिठ्ठी वाडीतल्या पन्नास सह्यांच्या निवेदनापेक्षा मला अधिक मोलाची वाटत असे. ती चिठ्ठी देणारा माणूस रोज पहाटे त्या मुलाला पाहणार असतो. सह्या करणारे बहुतेक जण गणपती-शिमग्याला मुंबईहून आलेले असतात.

म्हणून तुम्ही काय जमवायचे ते ओघानेच आले. भाऊ कोणत्या घरात राहील, घरातील कोणती वडीलधारी व्यक्ती जामीनदार म्हणून उभी राहील, कोणते काम ठरले आहे आणि देणारा कोण, दारूचा प्रश्न असेल तर उपचाराची सोय कुठे केली आहे, आणि भरपाई कशी व किती हप्त्यांत देणार. यातली प्रत्येक गोष्ट खरी असली पाहिजे. बऱ्याच घरांत असा बेत असतो की मुलाला काकाकडे नालासोपाऱ्याला किंवा विरारला पाठवून द्यावे, म्हणजे गावात तोंड दाखवावे लागणार नाही. कायद्याने ते अशक्य नाही. आरोपी बंधपत्राच्या काळात जिथे राहणार आहे तिथले कायम वास्तव्य किंवा कामधंदा चालतो. पण दहा बाय दहाच्या खोलीत, दिवसभर सगळे कामावर आणि मुलगा एकटा, अशा व्यवस्थेला मी अनुकूल शेरा क्वचितच दिला. गावात लाज वाटते हे खरे आहे. पण गावात त्याला ओळखणारी माणसे आहेत, आणि देखरेख म्हणतात ती शेवटी ओळखीनेच होते.

अटी मागतानाही समुद्राचा विचार करा. एका मुलाला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयात हजर राहण्याची अट होती. तो मिरकरवाड्याच्या बोटीवर लागला, बोट अनेक दिवस समुद्रात, आणि त्याच्या हजेऱ्या चुकल्या. बंधपत्राची अट मोडली तर कलम ९ नुसार न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते, त्यामुळे ही गंभीर गोष्ट होती. मी बंदरावर जाऊन तांडेलाकडून बोटीच्या फेऱ्यांची खात्री केली आणि कलम ८ नुसार अटीत बदल व्हावा असा अहवाल दिला. बोट किनाऱ्याला लागल्यावर ठरावीक दिवसांत हजेरी, आणि पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात मात्र दर आठवड्याला, असा बदल झाला. बंदीच्या काळात अधिक हजेरी का, तर त्या दिवसांत हातात काम नसते, पैसे नसतात आणि संध्याकाळ लांबलचक असते. किनाऱ्यावरच्या मुलांचे घसरणे मी बहुतेक त्याच महिन्यांत पाहिले. तुमच्या भावासाठी बंदीच्या काळातले काम आत्ताच ठरवा: जाळी विणणे व दुरुस्ती, भातलावणी, काहीही, पण नाव-गावासह.

नौकामालकाविषयी मला मनापासून सांगायचे आहे. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त 'फिर्यादी' म्हणून आला आहे. ऐन हंगामात जाळी गेली म्हणजे फेऱ्या बुडल्या, खलाशांचा खर्च अंगावर पडला, डिझेलवाल्याची उधारी राहिली. मुद्देमाल म्हणून जप्त झालेली जाळी त्यांना सुपुर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या लेखी हमीवर) परत मिळाली आहे का, ती कोणत्या अवस्थेत मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? न्यायालयात परतफेडीची तयारी दाखवणाऱ्या कुटुंबाने आधी हा हिशेब करायला हवा. पण त्यांच्या घरी जाऊन रडणे, नातेवाईक पाठवणे, 'तक्रार मागे घ्या' असे म्हणणे टाळा. तो साक्षीदारावर दबाव समजला जाऊ शकतो आणि भावाचा जामीन रद्द होऊ शकतो. बोलणे दोन्ही बाजूंच्या वकिलांमार्फत किंवा तालुका विधी सेवा समितीच्या मदतीने होऊ द्या. त्यांनी क्षमा करावी ही अपेक्षा ठेवू नका. क्षमा न करताही भरपाई घेणारे आणि मुलाला तुरुंगात पाठवण्याचा आग्रह सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तेवढे पुरे असते.

गावकीचा विषय तुम्ही शेवटी निसटता लिहिला आहे. बैठक बोलावली आहे, तुमच्या घराला दंड ठोकून पालखी दारात न आणण्याचा ठराव होऊ शकतो, असे तुम्ही म्हणता. समाजाच्या आधाराने माणूस सुधारणे या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि म्हणूनच हे ठामपणे सांगतो: कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्या कल्पनेचा भाग नाही. तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धार्मिक कार्यात सहभागी होऊ न देणे, संबंध तोडायला लावणे हे सगळे त्यात येते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्या समितीने चांगली कामे केलेली मी पाहिली आहेत, पण तडजोड करता येईल अशाच प्रकरणांत ती मध्यस्थी करू शकते. कलम ३०५ चा निवाडा करण्याचा अधिकार ना समितीला आहे ना गावकीला. गावकऱ्यांनी मदत करायचीच असेल तर मुलाला काम द्यावे आणि अधिकारी आला की खरे सांगावे. सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्याशी बैठकीच्या आधीच बोला, आणि ठराव झालाच तर त्याची लेखी नोंद मिळवा.

'असे सोडले तर धाक काय राहणार' असे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. मे २०२४ मध्ये पुण्यातील अपघातानंतर अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी आली, तेव्हापासून कैदेऐवजी काहीही म्हटले की लोकांना तो निबंध आठवतो. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती आणि ती टीकेस पात्रच होती. परिवीक्षेत मात्र तीन वर्षांपर्यंत मूळ शिक्षेची शक्यता डोक्यावर राहते, पैसे भरावे लागतात आणि ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोरून रोज जावे लागते. उलट सहा महिन्यांच्या कैदेत हंगाम जातो, बोटीवरची जागा जाते, आणि मालकाला एक रुपया मिळत नाही. मी प्रत्येकासाठी अनुकूल अहवाल दिले असे मात्र नाही. साक्षीदारांना धमकावणारा, पुन्हा पुन्हा तेच करणारा, किंवा ज्याच्या घरातच चोरीचा माल ठेवला जात होता असा मुलगा असेल, तर बाहेर ठेवणे योग्य नाही असे मी स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या भावावर आणखी एखादे प्रकरण असेल तर ते वकिलांपासून लपवू नका. अधिकाऱ्याला ते पोलीस ठाण्यात कळतेच.

सतरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण वेगळे चालेल, बाल न्याय मंडळासमोर. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, परिवीक्षा आणि सामुदायिक सेवा हे सगळे पर्याय आहेत, म्हणजे तुम्ही ऐकलेली गोष्ट त्याला खरोखर मिळू शकते. कलम २४ नुसार त्या निर्णयामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. त्याच्या आईला सांगा की शाळेचा दाखला आणि जन्मनोंद मंडळासमोर ठेवावी.

आता तिसऱ्या मुलाविषयी. तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की त्यालाही जामीन मंजूर झाला, पण स्थानिक जामीनदार नाही म्हणून तो आतच आहे. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. त्यांत अशी जामीन मिळूनही अडकलेली माणसेही असतात. १९७८ मध्ये मोती राम नावाच्या गवंड्याचा जामीनदार भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. कोठडीतील माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याला सोडवले तरी पुढे परिवीक्षेसाठी त्याचे राहण्याचे ठिकाण दाखवावे लागेल. ते त्याच्या तांडेलाशिवाय कोणी देऊ शकणार नाही, आणि तुमच्या भावासाठी तुम्ही त्याच बंदरावर जाणारच आहात. तेव्हा त्या तांडेलालाही भेटा, आणि रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्या मुलाचे नाव, खटल्याचा क्रमांक आणि जामीन मंजूर झाल्याची तारीख लिहून एक अर्ज द्या. हा अर्ज तुम्हीही देऊ शकता, त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही.